बायपोलर, लिथियम आणि बाळ: प्रेग्नन्सीसाठीच्या सायकिएट्री क्लिनिकचा रिव्ह्यू, पाचपैकी चार स्टार

पाचपैकी चार. पाचवा का कापला ते खाली येईलच, रिसेप्शनवाल्यांनी मनावर घेऊ नये (खरं तर घ्यावंच).

आधी ही सर्व्हिस नक्की काय असते ते सांगते, कारण मला स्वतःलाच कितीतरी वर्षं माहीत नव्हतं की असं काही असतं. पेरिनेटल सायकिएट्री म्हणतात याला. म्हणजे ज्या बायकांना मानसिक आजारासाठी गोळ्या चालू आहेत आणि मूल हवंय, किंवा दिवस गेलेत, किंवा नुकतंच बाळंतपण झालंय, त्यांच्यासाठी वेगळी सायकिएट्रिस्ट, जोडीला एक फार्मासिस्ट, एक सायकॉलॉजिस्ट आणि एक नर्स. गायनॅक आपली आपल्याकडेच, हे लोक तिच्याशी बोलून घेतात. नेहमीचा सायकिएट्रिस्ट पण सोडावा लागत नाही. मी पावणेदोन वर्षं यांच्याकडे जात होते, दिवस जायच्या आधी नऊ महिने, मग ते नऊ महिने, आणि डिलिव्हरीनंतर तीन. क्लिनिकचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तक्रारी आहेत आणि माणसं चांगली आहेत, शिवाय तुमच्या आसपास असं युनिट असेल तर तिथे जाऊन काय मागायचं हे कळलं तर नावापेक्षा त्याचा जास्त उपयोग.

तर माझं. बायपोलर टाइप वन (मूड कधी खूप खाली, कधी एकदम वर, त्या वरच्या टोकाला मॅनिया म्हणतात), चोविसाव्या वर्षी कळलं, दोनदा अ‍ॅडमिट झालेय, त्यानंतर व्हॅल्प्रोएट या मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीवर सहा वर्षं एकदम स्टेबल. इतकी स्टेबल की नोकरी, लग्न, सगळं रीतसर झालं आणि लोक विसरूनच गेले की हिला काही होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी त्यावेळच्या डॉक्टरांना जाता जाता म्हटलं की आता मुलाचा विचार करतोय, तर ते म्हणाले, "दिवस गेले की सांगा, मग बघू काय ते."

हे वाक्य मला तेव्हा खूप धीराचं वाटलेलं. आता आठवलं की हातपाय गार पडतात. कारण गणित बघा ना, बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्यातून बनतो ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकते तीच १४ दिवसांनी, मग आपण म्हणतो बघू अजून चार दिवस, मग टेस्ट, मग परत एकदा टेस्ट, मग अपॉइंटमेंट मिळणार पुढच्या आठवड्यातली. झाले की २८ दिवस. आणि व्हॅल्प्रोएट नेमकं तिथेच घात करतं. मोठं जन्मजात व्यंग एरवी शंभरात दोन-तीन बाळांना असतंच, गोळ्या असोत नसोत, पण व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांमध्ये ते साधारण दहात एक होतं, आणि डोस जास्त तसा धोकाही जास्त. शिवाय दहातल्या तीन ते चार मुलांना पुढे बोलणं, शिकणं, लक्ष लागणं यात अडचणी येतात, जे सोनोग्राफीत दिसत नाही. ब्रिटनमध्ये तर २०१८ पासून नियमच आहे की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला हे औषध द्यायचं तर गर्भनिरोधनाची सोय आणि दरवर्षी लेखी संमती पाहिजे. मी सहा वर्षं घेत होते, मला तोंडीसुद्धा कोणी काही सांगितलं नव्हतं.

हे मला सांगितलं या क्लिनिकच्या फार्मासिस्टने, पहिल्याच फोनवर. मी फक्त अपॉइंटमेंट मागायला फोन केलेला, तिने औषधांची नावं विचारली, व्हॅल्प्रोएट ऐकल्यावर एक सेकंद गप्प झाली आणि म्हणाली, "अपॉइंटमेंट होईपर्यंत प्रेग्नन्सी टाळा, आणि गोळी मात्र स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. दोन्ही लिहून घ्या." लिहून घेतलं. त्या एका फोनसाठी मी अर्धा स्टार देईन.

पहिली अपॉइंटमेंट सव्वा तासाची झाली. सव्वा तास! एरवी सायकिएट्रिस्टकडे दहा मिनिटं मिळाली तरी आपण खूश असतो. नवऱ्याला पण आत बसवलं, आणि नुसतं बसवलं नाही, त्याला वेगळे प्रश्न. मी तयारी करून गेलेले, माझा एकच प्रश्न होता, कुठली गोळी सेफ आहे तेवढी लिहून द्या. इथल्या सायकिएट्रिस्ट मॅडम म्हणाल्या ते सांगते, पण आधी मला सांगा, दोन्ही वेळा अ‍ॅडमिट झालात तेव्हा झोप उडाल्यापासून अ‍ॅडमिट होईपर्यंत किती दिवस गेले?

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. नवरा पहिल्या वेळी नव्हताच, म्हणून आईला तिथूनच फोन लावला. आई म्हणाली, सोमवारी रात्री तू कपाट आवरत बसलीस आणि शुक्रवारी आम्ही तुला घेऊन गेलो. दुसऱ्या वेळी पण तसंच. चार दिवस. मॅडमनी कागदावर मोठ्ठा ४ काढला आणि त्याला गोल केला, म्हणजे झोप उडाली की हातात फक्त चार दिवस. बाकी सगळं नंतर त्या गोलाभोवती लिहिलं गेलं.

मग कागदाच्या मधोमध रेघ. डावीकडे प्रत्येक गोळीचा धोका, उजवीकडे गोळी नसेल तर आजाराचा धोका. हे उजवीकडचं कोणी सांगतच नाही हो. सगळे गोळीवर टपलेले असतात. मॅडमनी सांगितलं की २००७ च्या एका अभ्यासात बायपोलर असलेल्या ज्या बायकांनी प्रेग्नन्सीच्या सुमाराला मूड स्टॅबिलायझर बंद केलं त्यांच्यात शंभरातल्या ८५ जणींचा आजार प्रेग्नन्सीतच उलटला, चालू ठेवणाऱ्यांत ३७. आणि ज्यांनी एकदम बंद केलं त्यांचा अजून लवकर. लगेच हेही म्हणाल्या की हे आकडे स्पेशल क्लिनिकमध्ये आलेल्या, म्हणजे मुळात जास्त आजारी असलेल्या बायकांचे आहेत, सगळ्यांना जसेच्या तसे लावायचे नाहीत. मला हे फार आवडलं, घाबरवायला आकडा फेकला नाही. आणि बाळंतपणानंतरचा सायकोसिस (भास-भ्रम होऊन भान सुटणं), जो एरवी हजारात एक-दोघींना होतो, तो माझ्यासारख्या टाइप वनवालीला साधारण पाचात एक. हा आकडा ऐकून नवऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला तो परत ठेवलाच नाही, तसाच हातात.

बरं, मग गोळी कुठली. माझी जुनी फाइल नेलेली (न्याच, सगळ्या जुन्या फायली न्या, मी तर पहिल्या अ‍ॅडमिशनचं पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड पण नेलेलं आणि तेच कामाला आलं). त्यात दिसलं की सुरुवातीला आठ महिने मी लिथियमवर (हीही मूड स्थिर ठेवणारी गोळी) होते आणि छान होते, पण सारखी तहान लागते म्हणून मीच कटकट करून बदलून घेतलेलं. मॅडम म्हणाल्या ज्या औषधाने तुम्हाला गुण आलाय ते इतरांना कितीही चांगलं असलेल्या औषधापेक्षा बरं. क्वेटायपिनचा पर्याय पण मांडला, त्यात वजन आणि प्रेग्नन्सीतला डायबिटीस बघावा लागतो असं सांगितलं. लॅमोट्रिजिन बाळाच्या दृष्टीने बरंच निर्धोक, पण ते डिप्रेशनच्या बाजूला जास्त काम करतं आणि माझी धाव कायम मॅनियाकडे. म्हणजे बाळाला सगळ्यात सौम्य ती गोळी माझ्या उपयोगाची नाही, आणि निरुपयोगी गोळी घेणं म्हणजे बाळाच्या अंगात औषध पण जाणार आणि आजार पण. असा विचार मी केलाच नव्हता.

लिथियमबद्दल आमच्या घरात आधीच दहशत होती, नवऱ्याने कुठेतरी वाचलेलं की हृदयाची झडप खराब होते. एब्स्टाइन अ‍ॅनोमली म्हणतात तिला. ती भीती सत्तरच्या दशकातल्या एका नोंदवहीतून आलेली, ज्यात डॉक्टर आपणहून केसेस कळवायचे, आणि अर्थातच ज्या बाळांना काही झालं तीच जास्त कळवली गेली, त्यामुळे धोका अवाढव्य दिसला. २०१७ मध्ये मोठा अभ्यास झाला त्यात हृदयाचे दोष लिथियम घेतलेल्यांत शंभरात २.४ आणि न घेतलेल्यांत १.१५ निघाले, आणि वाढ मुख्यतः दिवसाला ९०० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत. म्हणजे धोका आहे, शून्य नाही, पण घरात बोलत होतो तेवढा नाही. आम्ही दोघांनी त्या रात्री घरी जाऊन कागद टेबलावर ठेवला आणि दोन तास नुसतं बोललो. निर्णय आमचा होता, मॅडमनी तो आमच्यावर ढकलला नाही आणि आमच्याकडून काढूनही घेतला नाही. फार कमी लोकांना हे जमतं.

कोणी म्हणेल गोळीवर प्रेग्नन्सीतल्या धोक्याची ए बी सी डी एक्स अशी कॅटेगरी असते ना, ती बघायची आणि घ्यायची, एवढं कशाला. मी पण तेच म्हटलेलं. तर अमेरिकेच्या एफडीएने नव्या औषधांच्या लेबलवरून ती अक्षरं २०१५ पासून काढायला घेतली, कारण लोक ती मार्कांसारखी वाचायचे, सी म्हणजे डीपेक्षा पास. आमचा मेडिकलवाला अजून अक्षरंच सांगतो, सांगू दे.

अदलाबदल काही आठवडे चालली, व्हॅल्प्रोएट हळूहळू खाली आणि लिथियम हळूहळू वर, दर आठवड्याला नर्सचा फोन, झोप किती, चिडचिड किती, खर्च किती (हो, खर्च, माझा आजार ऑनलाइन खरेदीतून आधी दिसतो). सुरू करायच्या आधी थायरॉइड आणि किडनीच्या टेस्ट. व्हॅल्प्रोएट पूर्ण सुटल्यावरसुद्धा निदान काही महिने नव्या गोळीवर स्टेबल राहून मग प्रयत्न करा म्हणाल्या. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं, तेव्हा वयाची बत्तिशी उलटलेली, घरून विचारणा चालू. फॉलिक अ‍ॅसिड मात्र तेव्हापासूनच. रात्रीची एक क्लोनाझेपाम (झोपेची, शांत करणारी गोळी) मी अधूनमधून घ्यायचे, मला वाटायचं ती काय किरकोळ, तर तीही हळूहळू कमी करून सोडवली, शेवटच्या महिन्यांत रोज घेतली तर बाळ मलूल, सुस्त जन्मू शकतं म्हणून, पण तीही एकदम तोडायची नाही.

दिवस गेल्यावरचा भाग हा या सर्व्हिसचा सगळ्यात चोख भाग. लिथियमची लेव्हल दर चार आठवड्यांनी, ३६ व्या आठवड्यापासून दर आठवड्याला. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं, म्हणून मी रात्री नऊची गोळी आणि सकाळी नऊला लॅबच्या दारात. का एवढं, तर प्रेग्नन्सीत किडनी जवळपास दीडपट वेगाने रक्त गाळते, आणि लिथियम सगळं किडनीवाटेच बाहेर जातं, म्हणजे तीच गोळी तोच डोस पण अंगात राहतं कमी. माझी लेव्हल ०.७ होती ती पाचव्या महिन्यात ०.४ वर आली, आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी मध्यरात्री बाळाच्या खोलीचे रंग ठरवत बसलेले. नवऱ्याने काही न बोलता कागदावरचा गोल दाखवला. दुसऱ्या दिवशी डोस वाढला, दिवसातून दोनदा विभागून, तीन रात्रींत झोप जागेवर. ज्या बायकांना वाटतं प्रेग्नन्सीत डोस कमीत कमी ठेवावा, त्यांनी हे नक्की डॉक्टरांशी बोला, कारण कमीत कमी म्हणजे काम करेल एवढा कमी. आणि माझा डोस बघून स्वतःचा कोणी बदलायचा नाही, प्लीज.

तिसऱ्या महिन्यात उलट्या मात्र जाम झाल्या आणि तेव्हा उलटंच, अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम वर चढतं. हात थरथरायला लागले की वाट न बघता फोन, हे कागदावर होतं, केला, लेव्हल बघितली, सलाइन लावलं. हृदयासाठी बाळाची वेगळी इको विसाव्या आठवड्याच्या सुमारास झाली, नॉर्मल. टेबलवर पडल्या पडल्या मी रडले, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे मॅडम, म्हटलं म्हणूनच.

आता जावेबद्दल, कारण सगळ्यांना बायपोलर नसतं आणि वाचणाऱ्या निम्म्या जणी सर्ट्रालिनवाल्या (डिप्रेशन-अँक्झायटीची गोळी) असणार. जाऊबाईंना डिप्रेशन आणि अँक्झायटी, टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच संध्याकाळी त्यांनी पाकीट कचऱ्यात टाकलं, कोणाला न विचारता. चार दिवस चक्कर, डोक्यात शॉक लागल्यासारखं, आणि सहाव्या आठवड्यात आंघोळ पण होईना. मी ओढत इथे आणलं. त्यांच्यासाठी पण तसाच कागद, फक्त गोल वेगळा. २००६ च्या अभ्यासातला आकडा त्यांना सांगितला, अँटीडिप्रेसंट बंद केलेल्यांत शंभरात ६८ जणींना परत डिप्रेशन आलं, चालू ठेवलेल्यांत २६. सर्ट्रालिन परत सुरू झालं, पूर्वी ज्याने बरं वाटलेलं तेच. धोके लपवले नाहीत, बाळाला जन्मल्यावर फुफ्फुसातलं प्रेशर वाढायचा त्रास हजारात दोनाऐवजी साधारण तीन बाळांना, आणि पहिले काही दिवस बाळ जरा थरथरतं, किरकिरतं, दूध नीट ओढत नाही असं साधारण तीनात एका बाळाला होऊ शकतं आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. त्यांच्या मुलीला दोन दिवस झालं, वॉर्डात सगळ्यांना माहीत असल्याने कोणी घाबरलं नाही. दूध अंगावरचंच, सर्ट्रालिन दुधात फार थोडं उतरतं. सायकॉलॉजिस्टबरोबरचे सेशन्स पण त्यांनी केले, त्या म्हणतात निम्मं काम त्यानेच झालं. सौम्य डिप्रेशन असेल तर नुसत्या सेशन्सवर पण भागतं असं तिथे आधी विचारतात, गोळी लगेच पुढे करत नाहीत.

दर भेटीला एक दहा प्रश्नांचा फॉर्म असतो, एडिनबर्ग स्केल, १९८७ पासूनचा, तीसपैकी मार्क. बरा आहे, पटकन होतो, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलचा, त्यावर शून्य सोडून काहीही टिक केलं तर त्याच दिवशी कोणीतरी समोर बसून बोलतं, एकूण मार्क कितीही येवोत. पण मॅनिया त्यात पकडला जात नाही. मी जोरात असताना मला तीसपैकी दोन मिळाले, टॉपर. मॅडमना माहीत होतं म्हणून बरं, नर्सने तर अभिनंदनच केलं.

तक्रारी. एक, मधेच डॉक्टर बदलल्या. सातव्या महिन्यात आमच्या मॅडम तीन महिन्यांच्या रजेवर, नवीन डॉक्टर आल्या त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारायला सुरुवात केली, वडिलांचा आजार, पहिली अ‍ॅडमिशन, मारहाण झाली होती का, सगळं. सातव्या महिन्यात पोट घेऊन खुर्चीत बसून हे परत सांगायचं म्हणजे शिक्षा आहे. अर्ध्यात मी कागद पुढे केला, त्यांनी वाचला आणि स्वतःच सॉरी म्हणाल्या. दोन, वेटिंग एरिया नेहमीच्या सोनोग्राफीवाल्यांबरोबर एकच, आणि तिथे मोठ्याने पुकारतात, "सायकिएट्रीचे कोण आहेत?" सगळ्या माना वळतात. नाव पुकारा ना, नाव आहे आम्हाला. तीन, फोन. तो खाली येतोय.

डिलिव्हरी. कागदाच्या चार कॉपी होत्या, एक माझ्या बॅगेत, एक गायनॅककडे, एक नवऱ्याकडे आणि एक वॉर्डाच्या फाइलला पिनअप केलेली. त्यावर लाल पेनाने, कळा सुरू झाल्या की लिथियम थांबवायचं, लेव्हल बघायची, पाणी कमी पडू द्यायचं नाही, आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन द्यायचं नाही. हे शेवटचं कारण त्या जातीच्या पेनकिलरने लिथियम अंगात साठतं आणि विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. आणि झालं काय, सिझर झालं, रात्री ड्युटी बदलली, नवीन नर्स ट्रेमध्ये नेहमीचं इंजेक्शन घेऊन आली. डायक्लोफिनॅक. तिची चूक नाही, सगळ्या बाळंतिणींना तेच देतात. नवरा खुर्चीत पेंगत होता पण नाव ऐकल्याबरोबर ताडकन उठला, "एक मिनिट सिस्टर, कागद बघा." पॅरासिटामॉल आणि दुसरं काहीतरी दिलं. एरवी बाजारातून सांगितलेल्या तीन वस्तूंतल्या दोन विसरून येणारा हा माणूस.

डिलिव्हरी झाली की किडनी पूर्वपदावर यायला लागते, म्हणजे प्रेग्नन्सीत वाढवलेला डोस आता जास्त होणार, म्हणून परत जुन्या डोसवर आणायचं, पण लगेच सुरू करायचं, कारण माझा सगळ्यात धोक्याचा काळ पहिले दोन आठवडे. हे पण आधीच ठरलेलं. बाळाचं थायरॉइड आणि लेव्हल बघितली, ठीक.

दूध. यावर मी एकटीच भांडले सगळ्यांशी, स्वतःशी पण. लिथियम दुधात बऱ्यापैकी उतरतं, बाळाचं रक्त सारखं तपासत काही जणी पाजतात, पण साधारण सल्ला नको असाच. मॅडमनी रेघ मारलेला कागद परत काढला, यावेळी एका बाजूला दूध आणि दुसऱ्या बाजूला झोप. रात्री दर दोन तासांनी उठणारी बायपोलरवाली बाई आणि तो चारचा गोल. पहिल्या दिवसापासून वरचं दूध ठरलं. वॉर्डात तीन वेगवेगळ्या बायकांनी तीन वेळा सुनावलं, आईचं दूध ते आईचं दूध. दुखलं. अजून दुखतं कधी कधी, खोटं कशाला लिहू. पण त्यामुळे रात्रीची ड्युटी दुसऱ्याला देता आली. सासूबाई, ज्या नऊ महिने "कसल्या कसल्या गोळ्या पोटातल्या जिवाला" म्हणत होत्या, त्यांनी कागद चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, रात्री अकरा ते पाच बाळ माझ्याकडे, तू दार लावून झोप. सहा आठवडे एक रात्र चुकवली नाही.

आणि तरीही पाचव्या-सहाव्या रात्री माझी झोप उडाली. बाळ दुसऱ्या खोलीत, घर शांत, आणि मी टक्क जागी, डोक्यात एकदम भारी भारी कल्पना, बाळासाठी एक अ‍ॅप काढायचं वगैरे. पहिल्या रात्री दोन तास झोप. दुसऱ्या रात्री दीड. कागदावर होतं, दुसऱ्या रात्रीनंतर फोन, चौथीची वाट बघायची नाही, आणि फोन नवऱ्याने करायचा, कारण मला तेव्हा आपण आजारी आहोत असं वाटत नाही. मला खरंच वाटत नव्हतं, मी त्याच्यावर ओरडले पण. त्याने केला. रविवार सकाळ. क्लिनिकचा नंबर वाजत राहिला, मग रेकॉर्डेड आवाज, सोमवार ते शुक्रवार. परत केला, परत तेच. पाचवा स्टार इथे गेला. ज्या सर्व्हिसने चारचा गोल काढला तिलाच शनिवार-रविवार माहीत नसावा? मॅनियाला सुट्टी नसते.

नशीब कागदावर खाली दुसरा नंबर होता, हॉस्पिटलच्या ऑनकॉल सायकिएट्रिस्टचा, तो त्या फार्मासिस्टने हाताने लिहिलेला, छापलेल्या फॉर्ममध्ये ती जागाच नाही. तिथे उचलला, कागद वाचून दाखवला, अर्ध्या तासात ठरलं, लेव्हल आणि रात्रीसाठी काही दिवस क्वेटायपिन. त्या रात्री सात तास झोपले. अ‍ॅडमिट व्हावं लागलं नाही. मंगळवारी मी त्या अ‍ॅपच्या कल्पना वाचल्या, एकही धड नव्हती.

शेवटचे तीन महिने ठीक, पण जरा घाईत गुंडाळले. डिस्चार्ज लेटर माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलं त्यात पुढच्या वेळचं काहीच नाही, म्हणजे दुसरं मूल हवं असेल तर कधी यायचं, गर्भनिरोधन काय. मी मागून घेतलं तेव्हा लिहिलं. तुम्ही पण मागा. आणि तुमच्या नवऱ्याला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर तेही विचारा, २०२४ पासून युरोपात पुरुषांसाठी पण खबरदारीची सूचना आहे, हे मला वेटिंगमधल्या एका बाईकडून कळलं, तिथल्या भिंतीवर लावलेलं असायला हवं होतं.

जाणार असाल तर बरोबर सगळ्या जुन्या फायली, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (झोपेच्या, आयुर्वेदिक, व्हिटॅमिन सगळ्या, काहींची औषधांशी टक्कर होते), आणि तुम्हाला सगळ्यात वाईट अवस्थेत बघितलेलं एक माणूस. दिवस आधीच गेले असतील तरी जा, उशीर झाला म्हणून गोळी तोडून घरी बसू नका. अपॉइंटमेंटसाठी सकाळी दहाच्या आत फोन करा, त्यानंतर लागत नाही. आणि पहिल्याच भेटीत विचारा, रविवारी कोणाला फोन करायचा, आणि नंबर त्यांच्यासमोरच एकदा लावून बघा.